गोव्यातल्या मेथडिस्ट मंडळीने चर्चच्या विस्तारासाठी निधी कसा उभारावा

तुमच्या मंडळीने चर्च वाढवायचे आणि दुरुस्त करायचे ठरवले आहे. तुमचे नाव बांधकाम समितीत आले आहे आणि पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी विचारले आहे, पैसे आणायचे कुठून? हा लेख तुमच्यासाठी आहे. आमच्या मुरगाव तालुक्यातल्या मंडळीच्या बांधकाम निधीचा हिशेब मी सांभाळला. त्या काळात कोणी तरी सगळे एका जागी लिहून दिले असते तर बरे झाले असते असे फार वाटायचे, म्हणून लिहीत आहे.

गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि त्यानंतर बंदर, रेल्वे, नौदल, कारखाने यांच्या नोकऱ्यांसाठी बेळगाव, कोल्हापूर, मिरज, सोलापूरकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबे इथे आली. आमच्यासारख्या मंडळ्या त्यातूनच उभ्या राहिल्या. सभासद थोडे, पगार बेताचे, पाठीशी जुनी जमीनजुमल्याची मिळकत नाही. त्यामुळे आपल्या मंडळ्यांमध्ये पहिला विचार मोठ्या देणगीदाराचा येतो. माझे मत उलट आहे. आधी कागद, मग आपल्या घरांचा वाटा आणि त्यानंतरच बाहेर हात पसरायचा. क्रम बदलला की काम अर्ध्यात अडकते.

१. जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहा

मेथडिस्ट चर्च इन इंडिया ही १९८१ साली स्वायत्त झालेली प्रॉटेस्टंट मंडळी. तिची मालमत्ता स्थानिक मंडळीच्या नावे नसते, मुंबईच्या एक्झिक्युटिव्ह बोर्डाच्या नावे असते. पण गोव्यात छोट्या मंडळ्यांच्या जागा कधी एखाद्या जुन्या सभासदाच्या नावावर, कधी भाडेपट्ट्याने, कधी नुसत्या तोंडी व्यवहाराने घेतलेल्या आढळतात. सर्व्हे उतारा काढल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नका. गावात नमुना १ व १४, शहर सर्व्हेत फॉर्म डी. उताऱ्यावर भोगवटादार म्हणून कोणाचे नाव आहे, इतर हक्कांच्या रकान्यात कूळ किंवा मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) नोंद आहे का, हे वकिलाला दाखवून घ्या. जागा कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची असेल तर त्यांच्याकडचे कागद वेगळे लागतील.

दुसरी गोष्ट, जमिनीचा वापर. शेतजमीन असेल तर गोवा जमीन महसूल संहिता, १९६८ च्या कलम ३२ खाली जिल्हाधिकाऱ्यांची रूपांतर सनद लागते. झोनिंग कोणते आहे हे नगरनियोजन खात्यात कळते, पीडीएच्या (नियोजन व विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असाल तर पीडीएकडे. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) प्रश्न येतो आणि तो गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. आणि वाढीव बांधकाम सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर हातभरही जाऊ देऊ नका. सार्वजनिक जागेत नवी प्रार्थनास्थळे उभारू नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ सालचा आदेश आहे.

२. ठराव करा, वरची मंजुरी घ्या

पाळक साहेबांचा होकार पुरेसा नाही. पास्टोरेट म्हणजे एका पाळकाच्या देखरेखीखालची मंडळी. तिच्या पास्टोरेट कमिटीत ठराव, मग डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट (चर्चच्या विभागाचे प्रमुख) साहेबांच्या अध्यक्षतेखाली पास्टोरेट कॉन्फरन्समध्ये ठराव, त्यानंतर बिशप साहेबांमार्फत वरची लेखी मंजुरी. नकाशावर मालक म्हणून सही करायचा अधिकार बोर्डाच्या मुखत्याराचा असतो, त्यामुळे मुखत्यारपत्र याच वेळी मागून घ्या. मुंबईहून कागद यायला वेळ लागतो. नगरनियोजन खात्याचा अर्ज तयार आहे आणि सही करणारा नाही, अशी अडचण टाळता येते.

ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहा: काय बांधायचे, अंदाजे खर्च, निधीचे नाव आणि सह्या कोणाच्या. निधी फक्त याच कामासाठी वापरला जाईल हे वाक्यही असू द्या. पुढे पाळकांची बदली होते, समिती बदलते, तेव्हा हाच कागद कामी येतो.

३. नकाशा आणि खरे अंदाजपत्रक

नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून नकाशा करून घ्या. सभासदांपैकी कोणी चांगले गवंडीकाम करत असले तरी इथे वास्तुविशारद आणि संरचना अभियंता दोघांच्याही सह्या लागतात. जुन्या भिंतींवर नवी गॅलरी चढवायची असेल तर अभियंत्याने चिऱ्याची जुनी भिंत आणि पाया प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अंदाजपत्रकात लोक हमखास विसरतात त्या बाबी:

- कंत्राटदाराच्या बिलावरचा जीएसटी. बांधकामाच्या कंत्राटावर तो १८ टक्के आहे. दहा लाखांच्या कामावर एक लाख ऐंशी हजार म्हणजे सगळ्या बाकांचा खर्च.
- बांधकाम कामगार कल्याण उपकर, पंचायत किंवा पालिकेची परवाना फी, नगरनियोजनाची फी.
- वास्तुविशारद, अभियंता, वकील यांची फी.
- वाळवीचा उपचार, गळती प्रतिबंध, समुद्राजवळ असाल तर सळ्यांना गंज लागू नये म्हणून लागणारा जादा खर्च.
- काम चालू असताना उपासनेसाठी लागणाऱ्या हॉलचे भाडे.
- अनपेक्षित खर्चासाठी निदान १० टक्के. जुनी इमारत उघडायची असेल तर १५ धरा, कारण कौले उतरवल्यावरच वासे किती पोखरलेत ते समजते.

मग काम टप्प्यांत तोडा, आणि टप्पे पावसाळा धरून पाडा. गोव्यात जून ते सप्टेंबर छप्पर उघडे ठेवता येत नाही. छपराचे काम ऑक्टोबरनंतर सुरू होऊन मेच्या मध्यापर्यंत बंद व्हायला हवे. म्हणजे छपराचा पूर्ण पैसा ऑक्टोबरच्या आधी हातात असला पाहिजे. ‘काम सुरू करू, पैसे येतील’ हे भिंतींच्या बाबतीत चालून जाईल, छपराच्या बाबतीत चालत नाही. टप्पा एक म्हणून छप्पर आणि मजबुती, टप्पा दोन वाढीव सभागृह, टप्पा तीन फरशी, बाक, रंग, आवाजाची यंत्रणा. प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्यावर इमारत वापरता आली पाहिजे, ही कसोटी लावा.

४. खाते, पावती, सह्या

निधीसाठी वेगळे बँक खाते हवे. व्यक्तीच्या नावावर नको, खजिनदाराच्या तर नकोच. मंडळीला स्वतंत्र पॅन नसेल तर मातृसंस्थेच्या, म्हणजे मेथडिस्ट चर्च इन इंडियाच्या पॅनवर, त्यांच्या अधिकारपत्राने खाते उघडावे लागते. तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन, आणि त्या एका घरातल्या नकोत. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच छापा. कोणाच्या मोबाइल नंबरला जोडलेला कोड एकदा व्हॉट्सअॅपवर फिरला की परत आवरता येत नाही.

पावतीपुस्तके क्रमांकाची छापून घ्या आणि कोणते पुस्तक कोणाकडे आहे याची वही ठेवा. रोख रकमेबाबत दोन मर्यादा पाठ करून ठेवा. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एकाच कारणासाठी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. आणि सभासदाकडून उसने घेणार असाल तर २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त उसने रोखीत घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. आपल्याकडे ‘सध्या वापरा, नंतर द्या’ म्हणून प्रेमाने पैसे हातात ठेवणारे काका असतातच. त्यांना नम्रपणे चेक मागा.

५. घराघराचा वाटा

हे या लेखातले सर्वांत महत्त्वाचे कलम आहे.

मेथडिस्ट चळवळीची पहिली खास इमारत म्हणजे ब्रिस्टलची न्यू रूम. चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ती १७३९ साली बांधायला घेतली आणि तिचे कर्ज डोक्यावर राहिले. फेब्रुवारी १७४२ मध्ये ते फेडायचे कसे यावर बैठक झाली. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेवढेही परवडणार नाही असे कोणी म्हणताच ते म्हणाले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमेल ते ते देतील, कमी पडेल ते मी भरेन. दर आठवड्याला घरोघरी जाऊन पेनी गोळा करणाऱ्यांना लोकांची सुखदुःखे कळू लागली, आणि त्यातूनच मेथडिस्टांचे क्लास मीटिंग (लहान गटाची आठवड्याची सभा) जन्माला आले. आपल्या मंडळीची ही शिस्त इमारतीचे कर्ज फेडताना लागलेली आहे, हे प्रत्येक बांधकाम समितीने लक्षात ठेवावे.

आज हे असे करा. सगळ्या घरांचे दहा-बारा घरांचे गट पाडा. शक्यतो वस्तीप्रमाणे, म्हणजे वास्कोतली घरे एका गटात, झुआरीनगरची दुसऱ्या, वेर्ण्याची तिसऱ्या. प्रत्येक गटाला एक पुढारी. तो किंवा ती महिन्यातून एकदा घरी जाईल, प्रार्थना करील, विचारपूस करील आणि वाटा घेऊन पावती देईल. महिला मंडळातल्या भगिनी हे काम पुरुषांपेक्षा फार चांगले करतात, हा माझा अनुभव आहे. त्या नुसती पावती फाडून परत येत नाहीत.

वाटा ठरवताना सगळ्यांना सारखी रक्कम लावू नका. कंपनीतला कायम कामगार, कंत्राटी कामगार, विधवा आजी, निवृत्त नौदल कर्मचारी, बोटीवर जाणारा तरुण, यांची कमाई वेगळी. एक कार्ड छापा. त्यावर आठवड्याला २०, ५०, १००, २००, ५०० असे पर्याय, ‘मी एवढे देऊ शकेन’ अशी ओळ आणि किती वर्षे हे लिहायची जागा. घरात बसून, प्रार्थना करून भरा म्हणून सांगा. उपासनेत हात वर करायला लावून वचन घेऊ नका. लाजेखातर दिलेले वचन दुसऱ्या वर्षी गळते, आणि त्या घराचे उपासनेला येणेही कमी होते.

हिशेब करून पाहा. ६० घरे, सरासरी आठवड्याला १०० रुपये, तर वर्षाला ३ लाख १२ हजार. तीन वर्षांत ९ लाख ३६ हजार. एवढ्यात सभागृह होणार नाही, पण छप्पर होईल. आणि बाहेरच्या माणसाकडे जाताना ‘आमच्या घरांनी एवढे जमवले’ असे सांगता येईल. तो पहिला प्रश्न हाच विचारतो.

गोळा होणाऱ्या वाट्यातून एक चतुर्थांश गळेल असे धरूनच टप्पा आखा. लोकांची नोकरी जाते, आजारपण येते, बदली होते. ज्यांचा वाटा थांबला त्यांच्या घरी गटपुढाऱ्याने पैशांचा विषय न काढता जावे.

दशांश (कमाईच्या दहाव्या भागाचे नेहमीचे दान) आणि बांधकाम निधी वेगळे ठेवा. दशांश कमी करून बांधकामाला दिले तर पाळकांचा पगार थकतो, आणि ते कुठल्याही इमारतीपेक्षा वाईट.

६. सण, लिलाव, विक्री

गोव्यातला भात कापून झाल्यावरचा कापणीचा सण हा आपल्याकडचा सर्वांत चांगला दिवस. नारळ, केळीचे घड, सुरण, भोपळा, कोंबडी, घरचे लोणचे असे काहीही अर्पण येते आणि उपासनेनंतर लिलाव होतो. लिलाव पुकारणारा उत्साही हवा आणि लिहिणारा शांत. पुकारलेली रक्कम, नाव आणि मिळाले की राहिले, हे तिथल्या तिथे लिहा. लिलावातली उधारी नंतर कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही.

नाताळच्या आधी महिला मंडळाची फराळविक्री, मे महिन्यात सुट्टीला आलेल्या नातेवाइकांसाठी जेवणावळ, लेंतच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) काळात संडे स्कूलच्या मुलांना मातीचे गल्ले, हे सगळे करा. रक्कम लहान असते. पण गल्ला फोडायला आलेले पोर पुढे त्या इमारतीला आपली म्हणते.

आता सावध राहायच्या गोष्टी. गोव्यात कोणत्याही फेस्ताला तांबोला आणि सोडतीची तिकिटे असतात, त्यामुळे तरुण मंडळी तेच सुचवतील. मेथडिस्ट परंपरेत जुगार आणि सोडतीतून देवाच्या घरासाठी पैसा उभारणे मान्य नाही. तसेच दारूचा धंदा आणि कॅसिनो यांच्या जाहिरातीचे. स्मरणिका काढताना या जाहिराती सहज आणि मोठ्या रकमेच्या मिळतात, म्हणून नियम आधीच ठरवून इतिवृत्तात लिहा. पैसे समोर आल्यावर ठरवायला बसलात तर मंडळीत फूट पडेल.

७. बाहेरचे देणगीदार

गोव्यात चर्च म्हटले की लोकांना कॅथलिक पॅरिश आठवते. त्यांना वाटते की आर्चडायोसिस (कॅथलिक धर्मप्रांत) आहे, फाब्रिका (पॅरिशची मालमत्ता सांभाळणारी समिती) आहे, तुम्हाला पैसे कशाला हवेत? म्हणून एका पानाचे पत्रक करा: आपण मेथडिस्ट आहोत, आर्चडायोसिसच्या अखत्यारीत नाही, उपासना मराठीत होते, किती कुटुंबे आहेत, आज किती जण दाराबाहेर उभे राहतात, कोणता टप्पा चालू आहे, मंडळीने स्वतः किती जमवले. एक फोटो गळक्या छपराचा, एक नकाशाचा. पत्रक मराठीत, कोकणीत आणि इंग्रजीत हवे. शेजारच्या हिंदू दुकानदाराकडे आणि कॅथलिक ठेकेदाराकडेही जा. पैसे नाही दिले तरी चिरे, रेती, वाहतूक, मजुरी यात ते मदत करतात. वस्तुरूपाने आलेली मदतही पावतीत लिहा.

तीन ठिकाणी वेळ घालवू नका. खासदार निधी प्रार्थनास्थळाच्या कामाला वापरता येत नाही. कंपन्यांच्या सीएसआरच्या (सामाजिक जबाबदारी निधीच्या) यादीत प्रार्थनास्थळ बांधणे बसत नाही. व्यवस्थापक मन मोठे करून स्वतःच्या खिशातून देईल ते वेगळे. आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत. एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेच्या देणगीला ती मिळत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेली ऐतिहासिक किंवा सुप्रसिद्ध प्रार्थनास्थळे याला अपवाद आहेत. देणगीदार हमखास विचारतो. ‘हो, देऊ’ असे तोंडातून जाऊ देऊ नका. मातृसंस्थेच्या लेखापालाला विचारून जे लेखी मिळेल तेवढेच सांगा.

नावांच्या पाट्यांबद्दल माझे मत ठाम आहे. रकमेप्रमाणे बाकांवर, खिडक्यांवर नावे कोरू नका. एकच फलक लावा, त्यावर सगळ्यांची नावे वर्णानुक्रमे, रकमेशिवाय. वीस रुपयांचे कार्ड भरणारी आजी आणि दोन लाख देणारा व्यापारी एकाच ओळीत आले पाहिजेत.

८. परदेशातून येणारा पैसा

गोव्यात इथेच सर्वांत जास्त लोक अडकतात. परदेशी स्रोताकडून देणगी घ्यायला विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० म्हणजे एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. परदेशी स्रोत कोण, हे माणूस कुठे राहतो यावर ठरत नाही. तो कोणत्या देशाचा नागरिक आहे, यावर ठरते.

- दुबईत किंवा बोटीवर काम करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला आपला मुलगा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो. ही परदेशी देणगी नाही. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत फाइलला लावा.
- पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोवेकर, मग तो मडगावलाच राहत असला तरी, परदेशी नागरिक आहे. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी फरक पडत नाही. त्याने इथल्या खात्यातून रुपयांत दिले तरीही ती परदेशी देणगीच.
- अमेरिका, इंग्लंड, कोरियातल्या मंडळ्या आणि मिशन संस्था, उघडच परदेशी.

‘माझ्या भावाच्या खात्यात पाठवतो, तो तुम्हाला देईल’ हा मार्ग कोणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. एका चुकीच्या रकमेने मातृसंस्थाही अडचणीत येते. एफसीआरएचा पैसा प्रथम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. म्हणून परदेशी मंडळीने मदत देऊ केली की पत्रव्यवहार थेट वरच्या कार्यालयाकडे वळवा.

क्यूआर कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, त्यामुळे देणगीपत्रावर नागरिकत्वाचा रकाना हवाच. कोड असलेल्या प्रत्येक पत्रकावर ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ असे ठळक छापा.

९. परवाने आणि काम

साधारणपणे लागणारी फाइल: सर्व्हे उतारा आणि नकाशा, मालकीचे कागद, सनद लागत असल्यास ती, बोर्डाचे मुखत्यारपत्र, ठरावांच्या प्रती, वास्तुविशारदाचे नकाशे, संरचना अभियंत्याचे दायित्वपत्र, नगरनियोजन किंवा पीडीएची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, मोठे सभागृह असेल तर अग्निशमन दलाचा. हे सगळे झाल्यावर पंचायत किंवा पालिका बांधकाम परवाना देते. शेजाऱ्यांशी पार्किंग आणि आवाज यांबद्दल अर्ज करण्याआधीच बोला. पंचायतीत तक्रार गेली की महिने जातात.

निदान तीन दरपत्रके घ्या. समितीतल्या कोणाचा नातेवाईक कंत्राटदार असेल तर त्या सभासदाने निर्णयाच्या बैठकीत बसू नये. पैसे झालेल्या कामाच्या मोजमापावर द्या, आगाऊ मोठी रक्कम नको. बिलातून टीडीएस कापून वेळेवर भरा. आणि ५ टक्के रक्कम राखून ठेवा, ती पहिला पावसाळा पूर्ण गेल्यावरच सोडा. करारात ‘सप्टेंबरअखेर गळती नसल्यास’ असे शब्द असू द्या. कंत्राटदार कुरकुर करतो, पण मान्य करतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सूचनाफलकावर एक पान लावा: जमा, खर्च, शिल्लक, देणे बाकी. खजिनदाराला कोणी विचारण्याआधी. वार्षिक लेखापरीक्षण बाहेरच्या सनदी लेखापालाकडून करून घ्या.

१०. समर्पणाआधी

समर्पण विधीची तारीख बिशप साहेबांच्या सोयीने लवकर ठरते आणि मग सगळे काम त्या तारखेमागे धावू लागते. ओला गिलावा रंगवला जातो, वायरिंगची तपासणी राहून जाते. वास्तुविशारदाचा पूर्णत्वाचा दाखला आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा भोगवटा दाखला हातात आल्यावरच तारीख मागा. वाढीव वीजभार आणि विमा याच वेळी करून घ्या.

निधीत शिल्लक राहिली तर ती दुसरीकडे वळवायला पुन्हा पास्टोरेट कॉन्फरन्सचा ठराव लागेल. आम्ही ती छपराच्या देखभालीसाठी मुदत ठेवीत ठेवली. पावतीपुस्तकांची स्थळप्रत, कार्डे, बिले, पासपोर्टच्या प्रती, इतिवृत्त, मूळ परवाने हे सगळे एका कपाटात ठेवा, यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि किल्ली पाळक साहेबांकडे एक, सचिवांकडे एक अशी द्या.